आयपी घ्यायचं का? फॉर्म भरण्याआधी

प्रिय मनू,

पीएसएलईचा (प्राथमिक शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा) निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागतो आणि सहा सेकंडरी शाळांची नावं भरायला जेमतेम आठवडा मिळतो. त्या धांदलीत धड बोलणं होणार नाही, म्हणून आताच लिहितेय.

आयपी (इंटिग्रेटेड प्रोग्राम) म्हणजे सेकंडरीची चार आणि जेसीची (ज्युनियर कॉलेजची) दोन अशी सलग सहा वर्षं. मधली, सेकंडरीच्या शेवटची ओ-लेव्हल परीक्षा (तुझ्या वेळी तिचं नाव एसईसी) गाळून थेट जेसीच्या शेवटची ए-लेव्हल किंवा आयबी परीक्षा. सिंगापुरात हे २००४ पासून चालू आहे. 'परीक्षा नाही' हे मात्र अर्धंच खरं. शाळेच्या परीक्षा असतातच. सहामाही आता सगळ्याच शाळांतून गेली, त्यामुळे काय कच्चं राहिलं ते अनेकदा वर्षअखेरीच कळतं. घड्याळ लावून पेपर सोडवायची सवय सुटली, तर जेसीत एच-टू (वरच्या पातळीच्या) गणिताला दम लागतो आणि तिथे सावरायला दोनच वर्षं असतात. प्रकल्प, संशोधन, वेगळे विषय यांना वेळ मिळतो, हे खरंच. पण तो वेळ ज्याला आपणहून वापरता येतो त्यालाच त्याचा उपयोग.

मला खरी काळजी मधेच बाहेर पडावं लागलं तर काय, याची आहे. ज्या शाळेत फक्त आयपी आहे, तिथे नापास झाल्यास तेच वर्ष पुन्हा करायचं किंवा शाळा बदलायची. आयपीत धड्यांचा क्रम शाळा आपापला ठरवते, काही भाग पुढचा आधी घेतात, काही मागे ठेवतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षी एसईसीकडे वळलीस, तर राहिलेलं भरून काढण्यातच दिवस जातील. आणि चौथ्या वर्षाअखेर हातात एसईसीचं प्रमाणपत्र नसतं. तुझं अ‍ॅनिमेशनचं वेड टिकलं आणि पॉलिटेक्निकला जावंसं वाटलं, तर आयपीतून प्रवेश कसा देतात ते तिथे आधी विचारावं लागेल.

म्हणून आयपी आणि एसईसी हे दोन्ही मार्ग एकाच छताखाली असलेली शाळा मला तुझ्यासाठी बरी वाटते. सीडर गर्ल्स (पुढे व्हिक्टोरिया जेसी), एससीजीएस म्हणजे सिंगापूर चायनीज गर्ल्स (पुढे युनोइया जेसी), एमजीएस म्हणजे मेथडिस्ट गर्ल्स (पुढे एसीएस इंडिपेंडंटमध्ये आयबी). सेंट निकोलस, नानयांग, डनमन हाय या सॅप शाळा, चिनी भाषा घेणाऱ्यांसाठी. तू हिंदी घेतेस, तेव्हा त्या तुझ्या यादीतून आपोआप गेल्या. शनिवारचा हिंदीचा वर्ग मात्र आयपीतही चुकणार नाही, आधीच सांगते!

आता फॉर्म. पीएसएलईच्या चार विषयांच्या एएलची (प्रत्येक विषयातल्या श्रेणीची) बेरीज ४ ते ३२, जितकी कमी तितकी चांगली. आयपीचे कट-ऑफ साधारण १० च्या आत असतात, आणि एकाच शाळेत आयपीचा कट-ऑफ वेगळा, एसईसीचा वेगळा. दोघींची बेरीज सारखी असेल, तर आधी नागरिक, मग पीआर (कायमचे रहिवासी). आपण पीआर, तेव्हा अगदी काठावरच्या बेरजेवर भिस्त ठेवू नकोस. त्यानंतर बघतात शाळा कितव्या क्रमांकावर लिहिली आहे, आणि शेवटी संगणकाची सोडत. त्यामुळे खरोखर हवी तीच शाळा पहिली लिही. सहापैकी निदान दोन-तीन नावं अशी हवीत, जिथे गेल्या वर्षीच्या कट-ऑफपेक्षा तुझी बेरीज कमी असेल. सहाही हुकली तर जागा उरलेल्या शाळेत पाठवतात.

डीएसएतून (निकालाआधीच खेळ वा कलागुणांवर मिळणाऱ्या प्रवेशातून) बास्केटबॉलची जागा मिळाली आणि ती आपण पक्की केली, तर निकाल कितीही चांगला लागो, हे सहा पर्याय भरता येत नाहीत. तेव्हा 'हो' म्हणण्याआधी त्या शाळेत दोन्ही मार्ग आहेत का, एवढं बघ.

तुझी यादी रविवारपर्यंत दे. प्रत्येक नावापुढे कट-ऑफ मी लिहीन.

तुझी,
आई