हिंडलग्याहून घरी येताना

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या कारागृहातून सुटलो तेव्हा हातात कपड्यांची पिशवी आणि आतल्या मजुरीचे थोडे पैसे होते. सात वर्षं काढली. गुन्हा माझ्याच हातून घडला होता, ते नाकारत नाही.

वडगावातल्या ज्या मागवाल्या मामांनी "काय केलं होतंस?" न विचारता "माग चालवता येतो काय?" एवढंच विचारलं, त्यांचे आभार. येत नव्हता. पहिल्या आठवड्यात नुसते धागे तोडले, तरी शनिवारी पगार हातावर ठेवला. रेशन कार्डावरून नाव गेलेलं, अर्ज कन्नडमधला, मला अक्षर लागेना. शेजारच्या कन्नड अक्कांनी तो भरून दिला, वर दोनदा कचेरीत खेटे घातले. (सीमेचा वाद आमच्या गल्लीत असा मिटतो.) 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यामुळे आत असताना वकील फुकट मिळाला; पण बाहेर भाड्याची खोली मिळायला शब्द टाकणारं माणूस लागतं. तो शब्द खानापूरच्या एका भजनकऱ्यानं टाकला.

आणि त्या मावशी, ज्यांनी पंचमीला पुरणाची दिंडं पाठवली, तीही आपल्या लेकरांच्या हाती. माझ्या दारात लेकरं पाठवली!

नावं लिहू नको म्हणालात, म्हणून लिहीत नाही. मावशी, डबा मात्र परत करायचा राहिलाय.