घामाला हिशेबाची जोड

महोदय,

यशासाठी कष्ट मोठे की युक्ती, हा वाद स्पर्धा परीक्षांच्या व्याख्यानांत रंगत असला, तरी त्याचा खरा कस दुष्काळी शिवारात लागतो. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी काढलेल्या सरकारी कामांवर हजारो हातांनी खडी फोडली; घाम गाळण्यात कोणीच कमी पडले नाही, पण खडी फोडून शिवारात पाणी अडत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने श्रमदान आणि सरकारी योजना यांच्या मेळातून डोंगरउतारावर पाणी अडवणारे आडवे, समतल चर खोदले, आणि तेवढ्यावर न थांबता दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवली, उसाला आणि शेतीसाठीच्या कूपनलिकांना मनाई केली. (हा दुसरा भाग कुदळ चालवण्यापेक्षा जड जातो, कारण तिथे भावकीलाही नाही म्हणावे लागते.) मात्र ‘स्मार्ट वर्क’चे गोडवे गाणाऱ्यांनी हेही पाहावे, की चरच खोदले नसते तर ताळेबंदात मांडायला पाणी उरले नसते. म्हणून जलसंधारणाच्या कामांची देयके मंजूर करताना केवळ खोदाईची मोजमापे न पाहता, गावाचा पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचून दाखवणेही शासनाने बंधनकारक करावे.

– एक वाचक, पारनेर