तपासणीचे पैसे कशाचे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरातली इलेक्ट्रॉनिक वस्तू बिघडली की ती दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेण्याकडे लोकांचा कल वाढला आहे, अशी तक्रार हल्ली सर्वत्र ऐकू येते. तिचे खापर कधी कंपन्यांवर, कधी ग्राहकांच्या हौसेवर, तर कधी ‘पूर्वीसारखे कारागीर आता राहिले नाहीत’ असे म्हणून आमच्यावर फोडले जाते. इंदुरात टीव्ही, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांच्या दुरुस्तीवर पोट भरणारा एक कारागीर या नात्याने मला त्यात आणखी एका कारणाची भर घालायची आहे. आमच्या कामातला सर्वांत अवघड आणि वेळखाऊ भाग म्हणजे बिघाड शोधणे, आणि नेमक्या त्याच भागाचे पैसे द्यायला कोणी राजी नसते.

“भाऊ, स्क्रू उघडलेत आणि परत लावलेत, त्याचे कसले पैसे?” हे वाक्य रामबागेतल्या जुन्या घरांत ऐकू येते आणि बायपासकडच्या नव्या इमारतींतही. डॉक्टरांनी औषध लिहून दिले नाही तरी त्यांची फी आपण मुकाट्याने देतो. येथे मात्र सुटा भाग बदलला तरच काम झाले, असा समज रूढ आहे. या समजाचा परिणाम काय होतो, ते एका नेहमीच्या उदाहरणावरून सांगतो.

टीव्हीला आवाज येतो, पण पडदा काळा असतो. ग्राहकाला वाटते पॅनेल (चित्र उमटवणारा काचेचा पडदा) गेले, म्हणजे टीव्हीच गेला. अशा वेळी खोलीत अंधार करून, टीव्ही चालू ठेवून पडद्यावर टॉर्चचा तिरपा झोत टाकला आणि आत अंधुक चित्र हलताना दिसले, तर पॅनेल बहुधा शाबूत असते आणि दोष त्यामागच्या प्रकाशाचा, म्हणजे बॅकलाइटचा असतो. बॅकलाइटच्या पट्ट्यांवरचे एलईडी एकामागे एक, मालिकेत जोडलेले असतात, त्यामुळे त्यांतला एक जरी जळून आतून तुटला तरी त्या ओळीचा प्रवाह तुटतो. आणि एखादी ओळ बंद झाल्याचे लक्षात येताच संरक्षणासाठी संपूर्ण बॅकलाइट बंद करण्याची व्यवस्था बहुतेक संचांत असते. मात्र पट्ट्यांचा दोष मानण्याआधी बॅकलाइटच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे लागते, कारण ते येतच नसेल तर दोष पट्ट्यांचा नसून त्यांना वीज देणाऱ्या भागाचा असतो. व्होल्टेज क्षणभर चढून लगेच खाली येत असेल, तर संशय पट्ट्यांवर जातो. मग पॅनेल उचलावे लागते. ते कागदासारखे वाकणारे पातळ काचेचे असते आणि त्याच्या कडेला चिकटवलेल्या नाजूक रिबनपैकी एक जरी उचकटली तरी पडद्यावर कायमच्या रेषा येतात. पॅनेल उचलून, प्रकाश सारखा पसरवणारे डिफ्यूजरचे थर क्रमाने बाजूला ठेवून, प्रत्येक एलईडी टेस्टरने तपासून मेलेला दाणा सापडतो तेव्हा दुपार सरलेली असते. त्या दाण्याची किंमत काही रुपये आहे. एक गेला की बाकीचे त्याच वयाचे असल्याने पट्ट्यांचा पूर्ण संच बदलणे शहाणपणाचे, तरीही तो खर्च नव्या टीव्हीच्या आसपासही जात नाही.

आता या कामाचे बिल कसे करायचे? पट्ट्यांची किंमत आणि थोडी मजुरी लावली तर दिवस तोट्यात जातो. शोधण्याचे पैसे वेगळे मागितले तर घासाघीस सुरू होते. म्हणून आमच्या धंद्यात एक सोपी पळवाट रूढ झाली आहे : ‘बोर्ड (सर्किटची पाटी) गेला’ असे सांगायचे आणि शोधण्याचा खर्च बोर्डाच्या किमतीत लपवायचा. जो कारागीर खरे सांगतो त्याचे बिल संशयास्पद ठरते आणि जो खोटे सांगतो त्याचे बिल वाजवी वाटते, कारण त्याच्या बिलात एक वस्तू लिहिलेली असते. मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही. चांगला भाग काढून ठेवून त्याजागी जुना बसवणारे महाभागही आमच्यात आहेत आणि त्यांची गय करण्याचे कारण नाही. परंतु फुकट तपासणीचा आग्रह धरणारा ग्राहक अशाच माणसाच्या दारात नकळत जाऊन उभा राहतो.

कंपन्यांच्या सेवा केंद्रांत भेटीचे शुल्क आधीच ठरलेले असते, ही गोष्ट चांगली आहे. पण तेथे बोर्डावरचा एखादा भाग शोधून बदलण्याऐवजी बहुधा संपूर्ण बोर्डच बदलला जातो. तेथे काम करणाऱ्या मुलांना दोष देऊ नये. त्यांच्या मागे दिवसभराच्या तक्रारींची यादी असते आणि बोर्डावर सोल्डरिंग करण्याची मुभा सहसा नसते. वॉरंटीत हे चालून जाते. वॉरंटी संपलेल्या वस्तूचा बोर्ड मात्र एक तर महाग असतो, नाही तर ‘आता येत नाही’ या सदरात गेलेला असतो.

पावसाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या वादळांनंतर आमच्या दुकानांत जी गर्दी होते, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे निदानाचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. फांदी पडून किंवा सांधा जळून वस्तीचा न्यूट्रल (सर्व घरांची वीज परत नेणारी सामाईक तार) तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरे जणू एकमेकांशी मालिकेत जोडली जातात आणि दोन फेजमधले 415 व्होल्ट त्यांच्यात असमान वाटले जातात. ज्या घरात त्या वेळी भार जास्त, तेथे दिवे मंदावतात. ज्या घरात कमी, तेथे 230च्या जागी तीनशेच्या वर व्होल्टेज चढते. अशा वेळी टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला एक छोटा, बहुधा निळा, चकतीसारखा भाग स्वतः जळून बाकीच्यांना वाचवतो. त्याला एमओव्ही म्हणतात. त्याच्यावर पुष्कळदा 471 हा आकडा (47 आणि पुढे एक शून्य) छापलेला असतो, म्हणजे साधारण 470 व्होल्टच्या पुढे त्यातून वीज वाहू लागते. एसी पुरवठा सतत वर-खाली होत असतो आणि 230 व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखर 325 व्होल्टच्या आसपास असते, म्हणून एरवी तो गप्प बसतो. पुरवठा 380वर गेला की शिखर 530च्या पुढे जाते, एमओव्ही शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. एमओव्ही आणि फ्यूज बदलून, पुढचे भाग तपासून संच चालू होतो, असे अनेकदा घडते. तपासणी न करता हाच संच ‘लाइटमध्ये उडाला’ म्हणून भंगारात जातो.

फ्यूजही बरेच काही सांगतो. काचेच्या फ्यूजमधली तार नुसतीच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल, तर प्रसंग सौम्य असण्याची शक्यता असते. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर पुढे कोठे तरी थेट शॉर्ट आहे असे धरून चालावे. अशा वेळी तसाच दुसरा फ्यूज टाकून पाहणे म्हणजे उरलेले भागही जाळणे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणाऱ्यांना तर हात जोडावेत. जाणता कारागीर आधी सिरीज बोर्ड लावतो : जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब संचाशी मालिकेत जोडला की शॉर्ट असल्यास बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि संच वाचतो, शॉर्ट नसल्यास बल्ब क्षणभर चमकून मंदावतो. एलईडी बल्ब येथे उपयोगी नाही. ज्या पिढीने पिवळे बल्ब घरातून हद्दपार केले, तिच्या टीव्हीला जीवदान द्यायला आम्ही ते जपून ठेवले आहेत.

बोर्डावर दिसणारा दोष आणि खरा दोष यांतही अंतर असते. रिमोट दाबल्यावर लाल दिवा मिचकावतो पण संच सुरू होत नाही, या तक्रारीत पुष्कळदा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे डबीसारखे भाग) दमलेले असतात. डोके फुगलेला कपॅसिटर कोणालाही दिसतो. न फुगता आतून वाळलेला मात्र साध्या मीटरवर जवळजवळ पूर्ण मूल्य दाखवतो आणि त्याचा वाढलेला अंतर्गत रोध ईएसआर मीटरवरच पकडता येतो. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा ढोबळ नियम आहे, आणि पुष्कळ बोर्डांवर तो नेमका तापणाऱ्या हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) चिकटून बसवलेला असतो. आपल्याकडच्या मे महिन्यात भिंतीला टेकवलेल्या टीव्हीच्या पाठीमागे काय होत असेल, ते वेगळे सांगायला नको.

व्हिडिओ पाहून घरीच पाठ उघडणाऱ्यांची संख्या वाढली आहे, म्हणून जाता जाता एक इशारा देणे भाग आहे. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी साठून राहू शकते, आणि मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर तर हजारो व्होल्टचा असतो. मायक्रोवेव्ह घरी उघडूच नये.

वॉशिंग मशीनचे बोर्ड हा आमच्या दृष्टीने वेगळाच ताप आहे. दमट हवा, झुरळे आणि मुंग्या यांपासून बचाव व्हावा म्हणून बोर्ड रबरासारख्या पारदर्शक रेझिनमध्ये बुडवलेले असतात. कंपन्यांचा हेतू रास्त आहे आणि त्यामुळे बोर्ड टिकतातही. पण एक रिले (विजेवर चालणारा स्विच) बदलायला तो थर तासन्‌तास खरवडावा लागतो. पूर्वी पुष्कळ रेडिओ-टीव्हींसोबत सर्किटचा नकाशा मिळे. आज आमच्यासारख्या स्वतंत्र कारागिराला तो अधिकृतरीत्या मिळण्याची सोय फारच क्वचित असते. म्हणून एकमेकांकडून मिळालेल्या अर्धवट प्रतींवर आणि अनुभवावर काम चालते. शोधण्याला वेळ लागतो त्यामागे हेही कारण आहे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे पोर्टलही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी ठरवण्यात आली. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021पासून टीव्ही आणि वॉशिंग मशीनसारख्या वस्तूंवर दुरुस्तीसुलभतेचा गुणांक दाखवणे बंधनकारक झाले; 2025मध्ये या दोन वस्तूंसाठी त्याची जागा टिकाऊपणाच्या गुणांकाने घेतली. आपल्याकडेही अशा निर्देशांकाची चर्चा सुरू आहे, पण तिचा भर मोबाइलवर अधिक दिसतो. घरगुती उपकरणांना त्यात मागे ठेवू नये आणि सर्किटचे नकाशे व सुटे भाग स्वतंत्र कारागिरांनाही विकत मिळतील, अशी स्पष्ट तरतूद त्यात असावी.

आपल्या शहराने 2017पासून स्वच्छतेत देशात अव्वल राहून दाखवले आणि घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करण्याची शिस्त लावली. त्यांत ई-कचऱ्याचा स्वतंत्र कप्पा आहे. याचा अभिमान आम्हालाही आहे. ई-कचऱ्याचे 2022चे नियम 1 एप्रिल 2023पासून लागू झाले आणि त्यांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली. तरीही मला असे वाटते की एका एमओव्हीपायी कचऱ्याच्या गाडीत गेलेला टीव्ही कितीही नीट वेगळा केला तरी तो तेथे जायलाच नको होता.

अर्थात प्रत्येक वस्तू वाचवावी असे मी म्हणत नाही. पॅनेलची काच तडकली असेल, तर नवे पॅनेल बहुधा संचाच्या किमतीच्या जवळ जाते. फ्रिजच्या भिंतीत दडलेल्या नळीतून गॅस गळत असेल, तर केलेली दुरुस्ती टिकेलच असे नाही. असा प्रामाणिक नकार देण्यासाठीही तेवढाच वेळ तपासावे लागते आणि सुटा भाग विकण्याची संधी तर मुळीच नसते. तपासणी फुकट असेल, तर हा नकार कोणता कारागीर देईल?

म्हणून माझी सूचना साधी आहे. वस्तू ताब्यात घेतानाच तपासणीची रक्कम सांगावी आणि लिहून द्यावी. तपासणीनंतर दिलेल्या चिठ्ठीवर तक्रार, मोजून आढळलेला दोष, बदलायचा भाग व त्याची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहावी. दुरुस्ती त्याच दुकानात केली, तर तपासणीची रक्कम मजुरीतून वजा करावी. दुसरीकडे करायची असेल, तर ग्राहकाने ती देऊन चिठ्ठी घेऊन जावे. काढलेला जुना भाग ग्राहकाला परत द्यावा. केलेल्या कामाचे बिल न देणे ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेत मोडणारी बाब आहे, तेव्हा बिल मागणाऱ्या ग्राहकावर कोणी रागावू नये. आणि तरीही दाद मिळाली नाही तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहेच.

महाराणी रोड आणि जेल रोड येथील विक्रेते व दुरुस्तीवाले यांनी एकत्र बसून अशा चिठ्ठीचा एकच नमुना ठरवला, तर शहरात दोन महिन्यांत तो रुळू शकेल. आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण करून येणाऱ्या मुलांनाही मीटर, ईएसआर मीटर आणि सिरीज बोर्ड यांच्यासोबत ही चिठ्ठी भरायला शिकवावे. नमुन्याचा एक कच्चा मसुदा मी मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार केला आहे; कोणत्याही व्यापारी संघटनेने मागितल्यास तो विनामूल्य देईन.

आपला,
एक दुरुस्ती कारागीर
लोकमान्य नगर, इंदूर