आमची माती, आमची माणसं आणि बाबा

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोनवर हे नीट बोलताच येत नाही, बाबा फोन स्पीकरवर टाकतात आणि तेवढ्यात आई कुकर बंद करायला उठते, म्हणून लिहितोय.

परवा सोनू विचारत होती की तुमच्या लहानपणी टीव्हीवर काय असायचं. मी रामायण सांगितलं, गुरुवारचं छायागीत सांगितलं, चिमणराव-गुंड्याभाऊ सांगितले, पण डोक्यात मात्र सारखा दूरदर्शनवरचा तो शेतीचा कार्यक्रम, 'आमची माती आमची माणसं'च येत होता.

1982 ला दिल्लीत एशियाड होतं, तेव्हाच रंगीत टीव्ही आला आणि सगळीकडे त्याचीच चर्चा. आणि नेमका त्याच वर्षी बाबांनी आणला शटरवाला ब्लॅक अँड व्हाईट! मी दोन दिवस फुगून बसलो होतो. मग कुणीतरी सांगितलं म्हणून ते तीन रंगांचं प्लास्टिक आणून स्क्रीनवर लावलं, वर निळं, मधे लालसर, खाली हिरवं. बातम्या द्यायला प्रदीप भिडे आले की कपाळ निळं आणि शर्ट हिरवा. आई म्हणायची, काढा ते, माणूस आजारी दिसतो.

आपल्या चाळीत टीव्ही कमीच होते, त्यामुळे शनिवारी मराठी पिक्चर आणि रविवारी हिंदी म्हणजे दारात चपलांचा ढीग, आणि मला माझ्याच घरात बसायला जागा नाही. पण शेतीचा कार्यक्रम लागला की सगळे आपापल्या घरी. आम्ही पोरं खाली पकडापकडी खेळायला पळायचो. उरायचे एकटे बाबा. रेल्वेच्या ऑफिसातून थकून आलेला माणूस, शेत सोडा, गॅलरीत एक तुळस आणि एक जास्वंद एवढंच काय ते, आणि हे भातावरच्या करप्याची माहिती इतकी मन लावून ऐकतायत की चहा गार. फवारणीचं प्रमाण तर पेपरच्या कडेला लिहून ठेवायचे. आई हसायची, जास्वंदीवर मावा पडला की म्हणायची, विचारा तुमच्या टीव्हीतल्या साहेबांना. मलाही ते जाम विनोदी वाटायचं.

आता मी इथे बंगळूरला रात्री जेवून झालं की यूट्यूबवर मराठी बातम्या लावतो. कल्याण-डोंबिवलीत पाणी येणार नाही, मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, शिळफाट्याला ट्रॅफिक. मला काय करायचंय त्या मेगाब्लॉकचं? पण बघतो पूर्ण. ही विचारते, तुला कुठे लोकल पकडायचीय? आणि त्यावर मला उत्तर सुचत नाही, बाबा पण आईला कधी उत्तर द्यायचे नाहीत, नुसतं हात करून 'थांब' म्हणायचे.

बाबा, एक विचारायचं होतं. गावच्या त्या खालच्या तुकड्यात आता लावणी कोण करतं? काकांनी पडीक ठेवलाय का? सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे ना अजून? मी जुलैमध्ये येतोय, आपण जाऊन येऊ. आई, गुडघ्याचं कारण सांगू नकोस, गाडी करू आणि मधे पाहिजे तिथे थांबत जाऊ. रेनकोट मात्र काढून ठेव, बाबांचा जुना नको, तो फाटलाय.

तुमचा,
बंड्या