गिटार विकू नकोस

प्रिय मनू,

फोनवर तू म्हणालीस, "गिटार विकून टाकते आई, आता ते वय गेलं." तेव्हा मी गप्प बसले, कारण मला जे सांगायचंय ते फोनवर नीट सांगता आलं नसतं. म्हणून हे पत्र. सवडीनं वाच.

तुझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला, बंडखोर पंक संगीत वाजवणाऱ्या स्लिट्स या ब्रिटिश बँडच्या पहिल्या अल्बमचं पोस्टर अजून आहे. अंगभर चिखल माखलेल्या, लंगोट नेसलेल्या तीन मुली. ते लागलं तेव्हा आजी बरेच दिवस तुझ्या खोलीत फिरकली नव्हती. त्या तिघींतली गिटारवाली व्हिव्ह अल्बर्टाईन. तिची गाणी तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. पण बँड संपल्यावर तिचं काय झालं, ते तुझ्या कुणा मित्रमैत्रिणीच्या बोलण्यात कधी आलं नाही. ते मी वाचत गेले, आणि आता मला ती त्या अल्बमहून मोठी वाटते.

जन्म 1954 चा, सिडनीचा, पण वाढली उत्तर लंडनमध्ये. आईवडिलांचं पटत नव्हतं, वडील घर सोडून गेले, घरात पैशांची चणचण. ही चित्रकला शिकायला आर्ट स्कूलमध्ये गेली. संगीताचं वेड होतंच, पण आपण स्वतः वाजवावं हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी मुलगी तिनं पाहिलेलीच नव्हती. मग सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा कार्यक्रम पाहिला. स्टेजवरचा तो पोरगा तिच्यासारखाच, साध्या घरातला, आवाज बेसूर, आणि त्याची त्याला पर्वा नाही. तिच्या आजीनं मागे ठेवलेल्या पैशांतून तिनं गिटार घेतली. तेव्हा विशी ओलांडली होती आणि एक कॉर्ड येत नव्हती. "हे सोळाव्या वर्षी सुरू करायचं असतं" असं तू म्हणतेस ना, ते या बाईच्या बाबतीत तरी खरं नाही.

1977 मध्ये ती स्लिट्समध्ये आली. गायिका आरी अप तेव्हा पंधरा वर्षांची. द क्लॅश या मुलांच्या पंक बँडबरोबर इंग्लंडभर दौऱ्यावर गेल्या तर बसचा ड्रायव्हर या मुलींना गाडीत घ्यायला तयार नाही. त्याला पैसे चारून गप्प करावं लागायचं. हॉटेलवाले नाकं मुरडायचे, रस्त्यात लोक अंगावर यायचे. मुलगे तसेच फाटके कपडे घालून हिंडत होते, पण खरा राग मुलींवर निघायचा. हे वाचताना, रात्रीचा कार्यक्रम आटोपून तू पुण्याहून एकटी यायचीस ते दिवस आठवले. तू घरी पोचेपर्यंत माझा डोळा लागत नसे.

1979 चा तो अल्बम मी तुझ्या जुन्या स्पीकरवर पुन्हा लावला. या वेळी फक्त गिटारकडे कान दिला. केवढी किरटी, खरखरीत वाजते ती! सुरांची रांगोळी काढायची तिला हौसच नाही. मध्येच दोन फटकारे, मग गप्प, मग भलत्याच जागी पुन्हा. बेस आणि ड्रम रेगेच्या, त्या जमैकन संगीताच्या, चालीनं डुलत राहतात आणि ही त्यांच्या मधल्या फटींत वाजवते. अल्बमचा निर्माता डेनिस बोव्हेल रेगेतला पक्का माणूस, ही मोकळी जागा त्यानं राखली. दुसऱ्या कुणासारखं वाजवायचं नाही हे तिनं ठरवूनच टाकलं होतं, कारण दुसरे म्हणजे सगळे पुरुष, आणि त्यांची नक्कल करत बसलं की आपलं काहीच उरत नाही. तुझ्या वाजवण्यात मला हीच गोष्ट आवडायची. तुझे सर ज्याला कच्चेपणा म्हणायचे, तो मला कधी कच्चेपणा वाटला नाही.

1982 मध्ये बँड फुटला. पैसे नव्हतेच. मग काय केलं? एरोबिक्स शिकवलं! पंक मंडळींच्या लेखी याहून लाजिरवाणं काम नसेल, पण हिनं ते मन लावून केलं. पुढे फिल्म शिकायला पुन्हा कॉलेजात गेली, दिग्दर्शक झाली, टीव्हीसाठी कामं केली. लग्न केलं. मूल व्हावं म्हणून आयव्हीएफची एकेक फेरी सोसली, किती तरी वर्षं. 1999 मध्ये मुलगी झाली आणि काही आठवड्यांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. उपचार झाले, वाचली. समुद्रकाठच्या हेस्टिंग्जमध्ये संसार केला, मातीकाम शिकली. पाव शतक गिटारला हात नाही.

या वर्षांना लोक "गायब झाली होती" म्हणतात, त्याचा मला संताप येतो. गायब कुठे? आजारपण काढलं, लेकरू वाढवलं, दोन-तीन धंदे शिकली. हे आयुष्य नव्हे तर काय? तुझी एडिटिंगची नोकरी, बाबांच्या आजारपणात तू काढलेलं वर्ष, हे सगळं "वाया गेलं" या खात्यात तू टाकतेस. टाकू नकोस.

पन्नाशी ओलांडल्यावर तिनं गिटार पुन्हा हातात घेतली, आणि बोटांना काही म्हणजे काही आठवेना. पहिल्यापासून शिकली. मग हेस्टिंग्जच्या आसपासच्या पबमध्ये, जिथे कुणीही उठून गाऊ शकतं, तिथे जाऊन गायला लागली. समोर आपल्या गप्पांत रमलेली माणसं, ही कोण हे बहुतेकांच्या गावी नाही, आणि गाणी लग्नात घुसमटल्याची. मला तिचं हे पबमधलं गाणं क्लॅशबरोबरच्या दौऱ्याहून जास्त धाडसाचं वाटतं. विशीत बरोबर टोळी होती. इथे ती एकटी, आणि घरी परतल्यावर पाठीवर हात ठेवणारंही कुणी नाही. लग्न मोडलं. 2012 मध्ये स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम काढला, जवळजवळ प्रत्येक गाण्यावर वेगळा बेसवादक, त्यात क्रीम बँडचा जॅक ब्रूससुद्धा. पुढच्या वर्षी, अभिनयाचा अनुभव नसताना, दिग्दर्शिका जोआना हॉगच्या चित्रपटात मुख्य भूमिका केली. 2014 मध्ये आत्मचरित्र आलं. त्याचं नाव तिच्या आईच्या बोलण्यातून आलंय: कपडे, गाणी आणि मुलगे, यापलीकडे तुला काही सुचतच नाही, असं आई तिला म्हणायची. मीही तुला थोडंफार हेच ऐकवलंय की!

2016 चा एक प्रसंग तुला आवडेल. ब्रिटिश लायब्ररीत पंकचं प्रदर्शन होतं. ती तिथे बोलायला गेली, तर माहितीच्या फलकावर फक्त पुरुषांच्या बँडची नावं. तिनं पेन काढलं, ती नावं खोडली आणि वर स्लिट्स, एक्स-रे स्पेक्स, सूझी अँड द बॅन्शीज अशी नावं लिहिली. बायका कुठे आहेत, असंही विचारलं त्याच फलकावर. साठी ओलांडलेली बाई!

आता व्यवहाराचं. पैशांची अडचण असेल तर स्पष्ट सांग, भाड्याचं मी बघते. अँपचा स्विच बिघडलाय म्हणाली होतीस. दिवाळीला येताना तो घेऊन ये, आपल्या कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांना विचारून ठेवलंय, ते बघतो म्हणालेत. गिटार विकायचीच असेल तर मला वीक, मी खरोखर पैसे देईन.

तुझी,
आई