जुनं स्पीकर वर्कशॉप पुन्हा कामाला लावताना

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. स्पीकर बांधणाऱ्या तुमच्या मंडळींसाठी स्पीकर वर्कशॉप हा स्पीकर मोजायचा आणि आखायचा जुना विंडोज-प्रोग्राम पुन्हा चालता करायचा आणि सगळ्यांना फुकट द्यायचा, हा बेत मला मनापासून आवडला. आज आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझर्ड हा मोजमापाचा प्रोग्राम) फुकट मिळतं आणि खोलीच्या मोजमापासाठी मी तेच सुचवेन. पण ड्रायव्हरचा (म्हणजे सुट्या स्पीकरचा) इम्पीडन्स, म्हणजे फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलणारा विरोध, त्यावरून थील-स्मॉल पॅरामीटर (ड्रायव्हरचा स्वभाव सांगणारे आकडे), मग बॉक्स आणि क्रॉसओव्हर (आवाज ड्रायव्हरांमध्ये वाटणारं सर्किट) हे सगळं एकाच प्रोजेक्ट फाइलमध्ये ठेवणारा ऑडुआ कंपनीचा हा जुना प्रोग्राम शिकणाऱ्याला फार सोयीचा आहे. आणि तो पडून असलेल्या लॅपटॉपवरही चालतो.

एक आग्रह मात्र धरतो. खिडकी उघडली, आलेख आला, म्हणजे प्रोग्राम चालू झाला असं कुणालाही म्हणू देऊ नकोस. माहीत असलेला रेझिस्टर लावून त्याचं उत्तर बरोबर आलं, की मगच चालू झाला म्हणायचं. जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर बंद पडला तर निदान कळतं. तो चुकीचे आकडे देत बसला तर महिनोन्‌महिने कळत नाही.

विंडोजपासून सुरुवात कर. प्रोग्राम फाइल्समध्ये न टाकता सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करून तिथे ठेव. एक्सपीच्या काळातले प्रोग्राम आपल्याच फोल्डरात लिहायला जातात आणि आताची विंडोज ते लिखाण गुपचूप दुसरीकडे वळवते. मग सेव्ह केलेली सेटिंग्ज सापडत नाहीत. कम्पॅटिबिलिटीत एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवड. जुन्या पद्धतीची मदत-फाइल विंडोज १० वर उघडणार नाही, तेव्हा तिची पीडीएफ करून सोबत दे. मूळ झिप जशीच्या तशी ठेव, तिचा हॅश (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) लिहून ठेव आणि आतल्या फाइलींना हात लावू नकोस. फुकट वापरायला देणं आणि पुढे वाटायची परवानगी देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोबतची परवाना-फाइल वाचूनच पेनड्राइव्हवर टाक.

खरा घोळ आवाजाच्या सेटिंगमध्ये होतो. व्हिस्टापासून विंडोज अशा जुन्या प्रोग्रामांचा आवाज स्वतःच्या मिक्सरमधून नेते. प्रोग्राम सेकंदाला ४४,१०० सॅम्पल मागतो आणि कार्ड ४८,००० वर असेल, तर मध्ये विंडोज सॅम्पल रेट बदलते आणि कुणाला सांगत नाही. म्हणून प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग दोन्हीकडे डीफॉल्ट फॉरमॅट १६ बिट, ४४,१०० ठेव. सगळी एन्हान्समेंट बंद कर. कम्युनिकेशन्सच्या टॅबवर 'काही करू नको' हाच पर्याय ठेव. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रायव्हसीखाली डेस्कटॉप ॲपना मायक्रोफोनची परवानगी दिलेली नसेल, तर लाइन-इनमधूनसुद्धा नुसती शून्यं येतात. लोक तासभर वायरी तपासत बसतात आणि कारण तिथे असतं.

लॅपटॉपच्या हेडसेट-जॅकवर वेळ घालवू नका. तिथला माइक एकाच चॅनेलचा असतो आणि आपल्याला दोन लागतात. बेहरिंगर यूसीए२०२ सारखं, खरं स्टीरिओ लाइन-इन असलेलं यूएसबी कार्ड पुरेसं आहे. त्याच्यावरचा मॉनिटरचा खटका बंद ठेव, नाहीतर आत आलेला सिग्नल परत बाहेर जातो आणि लूपबॅक तपासणीत (आउटपुट थेट इनपुटला जोडून बघताना) फीडबॅक लागतो. वाजवणं आणि ऐकणं एकाच कार्डावर ठेव. हा प्रोग्राम एमएलएस (गोंगाटासारखा वाटणारा, पण आधीच ठरलेला) सिग्नल वापरतो. १६,३८३ सॅम्पलचा एमएलएस ४४,१०० वर ०.३७ सेकंदाचा होतो, आणि जाणारा-येणारा सिग्नल एकाच घड्याळावर नसेल तर गणित बिघडतं. त्यामुळे वेगळा यूएसबी माइक इथे कामाचा नाही. ॲम्प्लिफायर क्लिप झाला (ताकदीबाहेर जाऊन लाट छाटू लागला) तर एमएलएसमध्ये ती विकृती सगळ्या इम्पल्सभर, म्हणजे एका टिचकीला मिळावा तशा हिशोबाने काढलेल्या प्रतिसादभर, पसरते आणि नुसत्या गोंगाटासारखी दिसते. आवाज वाढवून मोजमाप सुधारत नसेल तर एकदा कमी करून बघ.

आता जिग, म्हणजे कार्ड, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामधली मोजणीची जोडणी. हौशी मंडळींमध्ये वॉलिन जिग प्रसिद्ध आहे. स्विच लावून चॅनेल-तपासणी आणि मोजणी दोन्ही त्यात होतात. पण सुरुवातीला साधी पट्टीही चालेल. ॲम्प्लिफायरनंतर मालिकेत १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर, त्यापुढे स्पीकर. डावं चॅनेल रेझिस्टरच्या अलीकडे, उजवं स्पीकरच्या टोकावर. दोन्हीकडे १० किलोओहम आणि १ किलोओहमचा सारखाच व्होल्टेज-विभाजक, १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर वापरून, आणि १ किलोओहमवर ४.७ व्होल्टचे दोन झेनर (जास्तीचा व्होल्टेज अडवणारे डायोड) पाठीला पाठ लावून, म्हणजे कार्ड वाचतं. हे सगळं पुण्याच्या तापकीर गल्लीत एका फेरीत मिळेल.

ॲम्प्लिफायर कोणता, हे मात्र प्रत्येकाला निक्षून सांग. टीपीए३११६ चे स्वस्त बोर्ड ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांच्या दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो, काळी वायर म्हणजे ग्राउंड नव्हे. ती कार्डाच्या ग्राउंडला लावली की बोर्ड जातो आणि कधी कधी कार्डही. एलए४४४० चा मोनो बोर्डही बहुधा ब्रिजच असतो. टीडीए२०३० किंवा एलएम१८७५ चा साधा बोर्ड घ्या. मोजताना लॅपटॉपचा चार्जर काढा, नाहीतर ५० हर्ट्झचा हम बरोबर बासच्या भागात उगवतो.

जिग झाली की आधी दोन्ही चॅनेल एकाच बिंदूला जोडून त्यांच्यातला फरक कॅलिब्रेट करायचा. ही पायरी लोक गाळतात, म्हणून हिशोबच देतो. इम्पीडन्स म्हणजे संदर्भ-रेझिस्टर गुणिले उजवा व्होल्टेज, भागिले डाव्या-उजव्यातला फरक. स्पीकर १०० ओहम असेल आणि संदर्भ १०, तर उजवा व्होल्टेज डाव्याच्या ०.९०९ पट येतो. उजव्या चॅनेलचा गेन फक्त १ टक्का जास्त असेल तर ०.९१८ दिसतो, आणि उत्तर १०० ऐवजी ११२ येतं. म्हणजे १ टक्क्याच्या चुकीची १२ टक्के झाली, तीही नेमकी रेझोनन्सच्या (ड्रायव्हर आपोआप जास्त डोलतो त्या फ्रीक्वेन्सीच्या) शिखरावर, जिथून क्यू, म्हणजे ते डोलणं किती तीव्र आहे तो आकडा, काढायचा असतो.

यानंतर परीक्षा. १० ओहमचा रेझिस्टर सरळ रेष आणि शून्य फेज (व्होल्टेज आणि करंटमधला पुढे-मागेपणा) देतो का? ४.७ आणि २२ चेही बघा. १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १ किलोहर्ट्झला १५.९ ओहम आणि उणे ९० अंश दाखवायला हवा. १ मिलिहेन्रीचं कॉइल ६.२८ ओहम आणि त्यावर वायरीचा थोडा रेझिस्टन्स. सगळीकडे ०.२-०.३ ओहम जास्त येत असेल तर क्लिपा आणि वायरी दोषी आहेत, प्रोग्राम नाही.

पॅरामीटरचं गणितही एकदा हाताने ताडून बघा. समज, डीसी रेझिस्टन्स ६ ओहम, शिखर ५४ ओहम, रेझोनन्स ३० हर्ट्झ. ५४ भागिले ६ म्हणजे ९, वर्गमूळ ३, म्हणून १८ ओहमच्या पातळीवर दोन्ही बाजूंच्या फ्रीक्वेन्सी वाचायच्या. त्या २४ आणि ३७.५ आल्या, तर गुणाकार ९०० येतो, म्हणजे ३० चा वर्ग. मोजणी सरळ आहे. क्यूएमएस (यांत्रिक क्यू) म्हणजे ३० गुणिले ३ भागिले १३.५, बरोबर ६.६७. क्यूईएस (विद्युत क्यू) ०.८३, क्यूटीएस (दोन्ही मिळून) ०.७४. प्रोग्रामने हेच द्यायला हवं. त्या गुणाकारात मोठा फरक पडला तर ड्रायव्हर नीट धरलेला नाही किंवा पंखा चालू आहे. पंखा बंद करूनच मोजायचं, आणि ड्रायव्हर मॅग्नेटला घट्ट पकडून उभा धरायचा.

व्हीएएससाठी (कोनच्या टांगणीइतकीच लवचीक हवा किती लिटर, तो आकडा) कोनवर वजन चिकटवताना एक-दोन रुपयांची नाणी नकोत. ती चुंबकाला ओढली जातात आणि वजन खोटं ठरतं. पुट्टीचे गोळे करून सोनाराच्या काट्यावर तोला. १० ग्रॅमने रेझोनन्स ३० वरून २५ वर आला, तर हलणारं वस्तुमान १० भागिले ०.४४, म्हणजे सुमारे २२.७ ग्रॅम. २५ टक्क्यांच्या आसपास घसरण होईल इतकं वजन घेतलं तर उत्तर स्थिर येतं; अगदी थोडं वजन लावलं तर वाचनातली चूकच उत्तर ठरवते.

माइकने आवाज मोजायचा झाला तर खोलीची मर्यादा मान्य करा. स्पीकर आणि माइक १.२ मीटर उंचीवर आणि एकमेकांपासून १ मीटर असतील, तर जमिनीवरून येणारा आवाज २.६ मीटर चालतो, म्हणजे १.६ मीटर जास्त, आणि ४.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्याआधीच मोजणी कापली, म्हणजे तेवढ्याच वेळाची खिडकी घेतली, की सुमारे २१५ हर्ट्झखालचा आलेख खरा राहत नाही. तिथे माइक कोनच्या अगदी जवळ नेऊन वेगळं मोजायचं आणि दोन्ही जुळवायचे. तुमच्यातला कुणी ३० हर्ट्झपर्यंत एकसंध रेष दाखवू लागला तर त्याला आधी खिडकी किती मिलिसेकंदांची ठेवली ते विचार.

आकडे फ्रीक्वेन्सी, पातळी, फेज अशा तीन रकान्यांच्या साध्या मजकुरात जपून ठेवायची सवय लावा. तीच एफआरडी (आवाजाची) आणि झेडएमए (इम्पीडन्सची) फाइल होते आणि व्हिटुइक्सकॅड या स्पीकर आखायच्या प्रोग्राममध्येही चालते. उद्या हा प्रोग्राम अजिबात उघडेनासा झाला तरी मोजमापं राहतील.

आणि कुणी तरुण गडी हेच नव्याने लिहायला बसला तर कळव. नव्वदच्या दशकातल्या कोडमधला एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रीक्वेन्सी वेगळ्या करायचं गणित) पुष्कळदा न्यूमेरिकल रेसिपीज या पुस्तकातून घेतलेला असतो आणि तो मुक्तपणे वाटायला परवानगी नाही. त्याऐवजी किसएफएफटी ही मुक्त लायब्ररी घ्या, आवाजासाठी पोर्टऑडिओ. एमएलएससोबत स्वीपही (खालून वर चढत जाणारा सूर) द्या, कारण अँजेलो फरिना यांच्या २००० सालच्या पद्धतीत विकृतीचे हार्मोनिक मुख्य इम्पल्सच्या आधी वेगळे पडतात आणि कापून टाकता येतात.

जिगचा नकाशा हाताने काढून सोबत जोडला आहे. पहिल्या १० ओहमचा आलेख, फेजसकट, पाठव.

तुझा,
अविनाश