दादा, आमचा जुना डेस्कटॉप वाचवलात, मनापासून थँक्यू

दादा,

फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात, म्हणून आता लिहूनच काढतेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण जुना पीसी बंद पडला की घाबरून थेट नवीन घ्यायला निघणारे माझ्यासारखे अजून बरेच जण असणार.

आमचा पीसी बाबांनी घेतलेला, बारा वर्षांचा. बाबांनी एकेक करून स्कॅन केलेले सगळे जुने फोटो त्यातच, आजीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग पण त्यातच आणि दुसरीकडे कुठेच कॉपी नाही. दोन महिने त्याचं असं चाललं होतं की व्हिडिओ बघताना खट्कन बंद, परत चालू केला तर पंखा एक सेकंद फिरून थांबायचा, तिसऱ्या चौथ्या वेळेला कसाबसा सुरू व्हायचा आणि एकदा सुरू झाला की तासभर अगदी छान चालायचा. मी विंडोज दोनदा टाकून बघितलं. एकाने नुसतं बघूनच सांगितलं की मदरबोर्ड गेला, आता यात पैसे घालू नका.

तुम्ही आलात आणि पहिलं वाक्य काय बोललात आठवतंय? "आत्ता चालू होतोय ना, मग आधी डेटा काढून घे, बाकी सगळं नंतर." मला वाटलेलं तुम्ही लगेच स्क्रूड्रायव्हर काढाल. पण तुम्ही एक्स्टर्नल ड्राइव्ह लावून फोटो कॉपी होईपर्यंत शांत बसून राहिलात आणि मग माझ्या हातात एक वही दिलीत, की काय केलं आणि काय दिसलं ते दर वेळी लिहायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यासाठी तुमचे खरंच खूप आभार, कारण तोपर्यंत मी रॅम, केबल, सेटिंग सगळं एकदमच हलवत होते आणि कशाने काय झालं हेच कळत नव्हतं.

मग तीन संध्याकाळी फोनवर तुम्ही आणि इकडे कॅबिनेट उघडून मी. आधी प्लग काढायचा, मग पॉवरचं बटण दाबून उरलेला करंट जाऊ द्यायचा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा आणि मगच आत हात घालायचा, हे दर वेळी न कंटाळता सांगितलंत. रॅमचे सोनेरी पाय खोडरबरने हलकेच पुसले, एकेक स्टिक वेगवेगळी लावून बघितली, मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवली, सकाळी एरर शून्य. प्रोसेसरचं तापमान बावन्न डिग्री, म्हणजे गरम होऊनही बंद पडत नव्हता. हार्डडिस्कच्या स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती) खराब सेक्टर शून्य, संशयित म्हणजे पेंडिंग पण शून्य, फक्त सीआरसी एरर, म्हणजे डेटा ने-आण करताना झालेल्या चुका, १४, ते बघून माझ्या पोटात गोळाच आला. तुम्ही म्हणालात हा आकडा बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, डेटा केबलचा असतो, केबल बदल आणि बघ वाढतोय का, कमी तर तो कधी होतच नाही. बदलली. अजूनही १४च आहे.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मला संशय येत नव्हता कारण मी त्याची हिरवी वायर काळीला पेपरक्लिपने जोडून बघितली होती, पंखा मस्त फिरला, म्हणजे एसएमपीएस ओके असं मी वहीत लिहून पण टाकलं. तुम्ही ते ऐकून म्हणालात, "तो चालू होतो एवढंच कळलं त्यातून. ओझं उचलतो का ते कुठे बघितलंस?" आणि व्होल्टेज मोजायला मल्टीमीटर घ्यायला लावलात. तो क्षण मी विसरणार नाही. जुन्या मोठ्या चार पिनच्या कनेक्टरमध्ये काळा प्रोब काळ्या वायरला, लाल प्रोब पिवळ्या वायरला, स्क्रीनवर नुसता डेस्कटॉप होता तेव्हा ११.६८ व्होल्ट. या १२ व्होल्टच्या वायरवर ११.४ ते १२.६ चालतं हे तुम्ही आधीच सांगून ठेवलेलं. मग तुम्ही म्हणालात आता व्हिडिओ लाव आणि मला मोठ्याने वाचून दाखव. ११.५२... ११.४१... ११.२७... ११.०९ आणि खट्! स्क्रीन काळी. फोनवर दोघं पण एक सेकंद गप्प, आणि मग तुम्ही हळूच म्हणालात, "सापडला."

नंतर तुम्ही नीट समजावलंत की एसएमपीएसमधले कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे भाग) वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातात, थंड असताना तर अजूनच हट्टी होतात म्हणून सकाळी तीन चार वेळा बटण दाबायला लागायचं, आणि लोड आला की व्होल्टेज पडतं, मग सगळंच बंद. बिचारा मदरबोर्ड तर धडधाकट होता! मी विचारलं की उघडून कपॅसिटर बदलू का, तर तुम्ही एकदम कडक आवाजात "अजिबात नाही" म्हणालात, प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहू शकतो म्हणून. त्या ओरडण्याबद्दल पण थँक्यू.

आणि तुमच्याकडचा चांगला एसएमपीएस काढून दिलात, काही न बोलता. तो लावल्यावर पंखे फिरले पण डिस्प्लेच येईना, मी रडकुंडीला आले, आणि तुमचा एकच प्रश्न, "प्रोसेसरजवळची चार पिनची वायर लावलीस का?" नव्हती लावली. लावली आणि एक छोटी बीप आली. ती बीप ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, म्हणाली चालू झाला वाटतं.

आता पिवळ्या वायरवर व्हिडिओ चालू असताना पण १२.०४ येतात. तारीख दर वेळी मागे जायची ते पण गेलं, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बोर्डवरचा बटण सेल मोजला, ३ च्या जागी २.५ निघाला, नवीन सीआर २०३२ टाकला. काल रात्री बाबा आजीचं रेकॉर्डिंग लावून बसले होते, पूर्ण ऐकलं, मध्ये एकदाही बंद पडला नाही.

तुमचा मल्टीमीटर अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आणून देते. वही मात्र मी ठेवून घेतेय. जुन्या एसएमपीएसवर "खराब, लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवलीये, तो ई-कचऱ्यात द्यायचाय.

तुमची,
दर पाच मिनिटांनी फोन करणारी